बॅटरीचं दूध किती? : ग्लायडरच्या बॅटरीची घरच्या घरी तपासणी

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. विंचने दोर ओढून किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते वर चढवतात, वर गेल्यावर दोर सोडून देतात, आणि मग पायलट घारीसारखा गरम हवेच्या झोतात गोल गोल फिरत उंची मिळवत राहतो. ऐकायला एकदम काव्यमय वाटतं. पण आपण पडलो इलेक्ट्रिकलवाले. आपला पहिला प्रश्न हा, की इंजिन नाही म्हणजे अल्टरनेटर पण नाही, मग आतल्या रेडिओला करंट कोण देतं?

उत्तर अगदी साधं आहे. बहुतेक ग्लायडरमध्ये सीटच्या मागे १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी बसवलेली असते. म्हणजे हॉस्टेलच्या ऑफिसमधल्या यूपीएसमध्ये जी काळी वीट असते ना, तीच! मोटारसायकलची बॅटरी गाडी चालता चालता चार्ज होते. ग्लायडरची होत नाही. काहींच्या पाठीवर छोटं सोलर पॅनेल असतं, पण सर्वसाधारण हिशोब असा की सकाळी घरून जेवढं भरून आणलं तेवढंच दिवसभर पुरवायचं. डब्यासारखं. मध्ये मेस नाही.

मला या विषयात ओढलं माझ्या मावसभावानं. दादा पुण्यात हडपसरला ग्लायडिंग शिकला. डीजीसीएच्या तिथल्या सेंटरवर कित्येक पिढ्यांनी विंचच्या दोरानं पहिलं उड्डाण केलं. सध्या तो नोकरीसाठी जर्मनीत आहे आणि स्टुटगार्टजवळच्या एका क्लबात उडतो. जर्मनी म्हणजे ग्लायडिंगचं माहेर. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथल्या पोरांनी बिनइंजिनाची विमानं बनवून १९२० मध्ये वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर स्पर्धाच भरवली. तर दादाच्या क्लबात हिवाळ्यात उड्डाणं बंद असतात आणि प्रत्येक मेंबरला एक-दोन बॅटऱ्या घरी नेऊन त्यांची तब्येत तपासून आणायचं काम वाटून देतात. फोनवर तो म्हणाला, ''तू इलेक्ट्रिकलला आहेस ना, मग बॅटरी चांगली आहे हे मला घरात बसून कसं कळेल, सांग बघू.''

मी लगेच म्हणाले, मल्टिमीटर लावायचा, १२.७ व्होल्ट आले की झालं. तो नुसता हसला.

तो का हसला ते आमच्या लॅबमधल्या मामांनी समजावलं, आणि असं समजावलं की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना सुद्धा तसं जमलं नसतं. मामा म्हणाले, ''गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी येत्यात न्हवं? म्हस घेताना शिंगं आन् कातडी बघून दूध कळतंय व्हय? धार काढून बघाय लागतंय.'' संपला विषय. व्होल्टेज म्हणजे म्हशीचं रूप. अँपिअर-अवर म्हणजे दूध. म्हातारी बॅटरी सुद्धा चार्ज करून ठेवली की १२.८ व्होल्ट ऐटीत दाखवते. लोड लावून धार काढली, की खरं काय ते कळतं.

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला लेड डायऑक्साइड, मध्ये सौम्य गंधकाम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली ही जोडी जमवली आणि अजून ती मोडलेली नाही. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज करताना ते परत विरघळतं. पण बॅटरी डिस्चार्ज अवस्थेत तशीच पडून राहिली की त्या सल्फेटचे खडे मोठे आणि कडक होतात, आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून गेला. उरलेला भाग मात्र ठणठणीत असतो आणि व्होल्टेज त्याचंच दिसतं. म्हणून मीटर फसवतो. मीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो.

आता तुम्ही म्हणाल, ग्लायडरची बॅटरी वर गेल्यावर संपली तर विमान पडणार का? अजिबात नाही. वेग दाखवणारं आणि उंची दाखवणारं ही मूळ यंत्रं हवेच्या दाबावर चालतात, त्यांना विजेची गरजच नसते. आपल्याच नागरी विमान वाहतूक खात्यानं १९५० च्या दशकापासून पुढे स्वतः डिझाइन केलेली ग्लायडर्स होती. त्यांना अश्विनी, रोहिणी, मृगशीर अशी नक्षत्रांची नावं दिली होती, पुढे आर्द्राही आली. (आपल्याकडे पेरणीचा हिशोब पण रोहिणी, मृग, आर्द्रा असाच चालतो. हा योगायोग मला फार आवडला.) त्या काळच्या ग्लायडर्सचं विजेवाचून फारसं अडत नसे. आता मात्र रेडिओ, इलेक्ट्रिक व्हॅरिओमीटर, जीपीएस, दुसरं विमान जवळ आलं तर ओरडणारं फ्लार्म असं सगळं एकाच विटेवर लटकलेलं असतं. हडपसरचं मैदान लोहगावच्या विमानतळापासून काही फार लांब नाही. अशा ठिकाणी रेडिओ मुका होणं म्हणजे आपण कुठे आहोत हे कुणाला सांगता न येणं.

आणि रेडिओचं एक खास दुखणं आहे. नुसतं ऐकताना तो ०.१-०.२ अँपिअर घेतो, पण बोलायचं बटण दाबलं की एकदम एक-दीड अँपिअर ओढतो. थकलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे त्याच क्षणी व्होल्टेज खाली बसतं. म्हणजे तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण तुम्ही बोलायला गेलात की सेट बंद! दादाला तीन हजार मीटरवर याचा अनुभव आलेला आहे, म्हणून तो हसत होता.

बरं, आता प्रत्यक्ष कामाला लागूया. सामान फार नाही. एक मल्टिमीटर, १२ व्होल्ट १० वॅटचा टू-व्हीलरचा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट, तसाच एक २१ वॅटचा, ३ अँपिअरचा फ्यूज, क्रोकोडाइल क्लिपा आणि घड्याळ. बल्ब कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतो. फक्त साधा, तार असलेला मागा, एलईडीचा नको. याचं कारण मजेशीर आहे. टंगस्टनची तार थंड झाली की तिचा रोध कमी होतो. त्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज उतरत गेलं तरी बल्बचा करंट त्या मानानं थोडाच कमी होतो. फुकटात मिळालेला जवळजवळ स्थिर करंटचा लोड! १० वॅटचा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो आणि दादाच्या ग्लायडरची सगळी यंत्रं मिळून ०.७ च्या आसपास. म्हणजे बल्ब हे ग्लायडरचं डमी झालं.

मल्टिमीटर पिवळा, स्वस्तातला चालतो, पण त्याच्या आतला ९ व्होल्टचा सेल आधी बदला. तो उतरला की हे मीटर जास्त रीडिंग दाखवायला लागतात, आणि आजारी बॅटरीला ठणठणीत ठरवतात. दुसरं म्हणजे, करंट मोजायच्या सेटिंगवर असलेला मीटर चुकूनही सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका. तो तेव्हा निव्वळ तारेचा तुकडा असतो. ही छोटीशी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर शंभर अँपिअर देऊ शकते. फ्यूज का सांगितला ते लक्षात आलं असेल.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करायची. लेबलवर दोन आकडे छापलेले असतात : 'सायकल यूज' साधारण १४.४ ते १५ व्होल्ट आणि 'स्टँडबाय यूज' १३.५ ते १३.८. तपासणीसाठी वरचा आकडा, आणि करंट लेबलवरच्या कमाल आकड्याच्या आत. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि कपाटात बंद करून चार्जिंग करू नका, कारण जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. चार्ज झाल्यावर रात्रभर विसावा द्यायचा. लगेच मोजलं तर १३ च्या वर दिसतं, ते वरवरचं असतं. सकाळी १२.७ ते १२.९ च्या दरम्यान असेल तर परीक्षेला बसायला परवानगी. १२.५ च्या खाली असेल तर एखादा सेल गेलेला असू शकतो, तिचा पेपर इथेच संपला.

मग फ्यूजमधून १० वॅटचा बल्ब जोडायचा, वेळ लिहायची आणि दर १५ मिनिटांनी व्होल्टेज नोंदवायचं, अधूनमधून करंट. ११.५ च्या खाली आलं की दर पाच मिनिटांनी, कारण शेवटचा उतार जोतिबाच्या डोंगरावरून ब्रेक फेल झाल्यासारखा असतो. १०.५ व्होल्टला, म्हणजे सेलमागे १.७५ ला, थांबायचं. म्हणजे थांबायचंच! आणखी खाली नेलं तर तपासणीतच पेशंट दगावतो. म्हणून बल्ब लावून सिनेमाला जाऊ नका, आणि संपल्यावर बॅटरी तशीच न ठेवता लगेच चार्जिंगला लावा. बल्ब तापतो, तो गादीवर न ठेवता फरशीवर ठेवा. (रेक्टर मॅडम, हे वाक्य खास तुमच्यासाठी आहे.)

करंट गुणिले तास म्हणजे अँपिअर-अवर. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ७ अँपिअर-अवर हा आकडा २० तासांच्या दराचा असतो, म्हणजे ०.३५ अँपिअरनं २० तास. जोरात ओढलं की कमी मिळतं. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं, आपल्याला ते थर्ड इयरला आहे. नवीकोरी ७ ची बॅटरी १० वॅटच्या बल्बवर साधारण साडेसात तास चालते, म्हणजे ६.२ च्या आसपास अँपिअर-अवर. २१ वॅटच्या बल्बवर जेमतेम तीन तास. तेव्हा तुलना लेबलवरच्या ७ शी न करता ६.२ शी करायची, नाहीतर चांगल्या बॅटरीवर अन्याय होतो.

मी दोन बॅटऱ्या तपासल्या. एक लॅबच्या यूपीएसमधली, वर्षभर वापरलेली, ७ ची. दुसरी माझ्या रूममेटच्या बाबांच्या फवारणी पंपातली, ८ ची. ते शिरोळ तालुक्यातले. काकांची तक्रार अशी, की पूर्वी दिवसभर चालायचा तो पंप आता दोन पंप मारले की बसतो. एका दुकानदारानं मोटार गेली म्हणून सांगितलं होतं आणि नवा पंप घ्यायचा विचार चालला होता. ऐन हंगामात तो खर्च किती जड जातो ते शेतकऱ्याच्या घरी कळतं. काकांनी घरी मीटर लावून बघितला होता : १२.८. ''बॅटरी तर फुल्ल दाखवतीय की गं पोरी,'' ते फोनवर म्हणाले.

विसाव्यानंतर लॅबची बॅटरी १२.८४ आणि काकांची १२.७९. अगदी सख्ख्या बहिणी! बल्ब लावल्यावर पाच मिनिटांत पहिली १२.५२ वर स्थिरावली, दुसरी १२.३१ वर. लॅबची बॅटरी ६ तास ५० मिनिटं चालली. सरासरी ०.८१ अँपिअर धरून ५.५ अँपिअर-अवर, म्हणजे अपेक्षेच्या ८९ टक्के. काकांची दोन तासांनी ११.६ होती आणि पुढच्या ३५ मिनिटांत कोसळली. २.१ अँपिअर-अवर. नव्या ८ च्या बॅटरीनं या लोडवर ७ च्या वर द्यायला हवं होतं. परत हळू चार्ज करून दुसऱ्यांदा धार काढली, तर २.३. कधीकधी अशा दोन-तीन फेऱ्यांत थोडी ताकद परत येते, इथे आली नाही. मोटार आम्ही लॅबच्या पॉवर सप्लायवर चालवून पाहिली, ती व्यवस्थित होती. बदलायची होती ती फक्त बॅटरी.

काकांच्या बॅटरीचं काय झालं असेल ते समजणं अवघड नाही. हंगाम संपला की पंप गोठ्यात खुंटीला, अर्धवट उतरलेला, चार-सहा महिने. नुसती पडून असलेली बॅटरी सुद्धा महिन्याला तीनेक टक्के उतरते, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहून कितीतरी जलद. दादाच्या क्लबात हिवाळा जे करतो तेच इथे आपला रिकामा हंगाम करतो. उपाय दोन्हीकडे एकच : पूर्ण चार्ज करून सावलीत ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज दाखवायचा.

आता पास-नापास कसं ठरवायचं? मोठ्या बॅटरी बँकांना ८० टक्क्यांच्या खाली गेलं की बदला असा सर्वमान्य नियम आहे. मला विचाराल तर घरगुती तपासणीत टक्क्यांपेक्षा गरज महत्त्वाची. दादाचा हिशोब बघा. ०.७ अँपिअर गुणिले पाच तासांचं उड्डाण म्हणजे ३.५. पण वर थंडी असते. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली २० अंश असले तर तीन हजार मीटरवर शून्याच्या आसपास. शून्य अंशाला ही बॅटरी साधारण ८५ टक्केच दूध देते. लॅबच्या बॅटरीसारखी ५.५ वाली असेल तर वर ४.७ मिळतील. १.२ शिल्लक. ठीक आहे, उडा. ४ वाली असेल तर ३.४, म्हणजे उतरायच्या वेळी, नेमकं बोलायची गरज असताना, रेडिओ मुका. कोल्हापुरातल्या खोलीत २८ अंशाला पास झालेली बॅटरी तिथे नापास होऊ शकते, हे त्याला मी आवर्जून सांगितलं.

बटण दाबल्याची नक्कलही घरी करता येते. १० वॅटचा बल्ब चालू असताना, चार-पाच तासांनी बॅटरी दमत आली की, २१ वॅटचा बल्ब दहा सेकंद जोडायचा आणि व्होल्टेज किती बसतं ते बघायचं. लॅबच्या बॅटरीत ०.०६ व्होल्ट बसलं. काकांचीत दोन तासांनाच ०.४. फरक भागिले वाढलेला करंट केलं की अंतर्गत रोध मिळतो : पहिलीचा ३५ मिलिओम, दुसरीचा सव्वादोनशेच्या वर. ही झटपट परीक्षा छान आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. रोध बरा असूनही साठा कमी असलेल्या बॅटऱ्या असतात.

एक गोष्ट मात्र मला टक्क्यांपेक्षा जास्त विचार करायला लावते. एका कामाला मेलेली बॅटरी दुसऱ्या कामाला जिवंत असते. १५० वॅटच्या कॉम्प्युटरला यूपीएस चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, तिथे नवी ७ ची बॅटरी सुद्धा दहा-बारा मिनिटंच टिकते आणि काकांचीसारखी तर काही सेकंदांत हात वर करेल. पण तीच बॅटरी ३ वॅटच्या एलईडी पट्टीला पाव अँपिअर देत सात-आठ तास सहज बसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ फूट!), तेव्हा मी चौदा वर्षांची होते. लाइट नाही, आणि गल्लीत कुणाकडे एखादी जुनी बॅटरी असली तर तिथे मोबाइल चार्जिंगची रांग. त्यामुळे तपासणीनंतर अंगावर मार्करनं तारीख आणि अँपिअर-अवर लिहून ठेवा, मग कोणती कुठे वापरायची ते ठरवा. खरोखर संपलेली असेल तर दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि जुन्या शिशाचे पैसेही मिळतात. कचऱ्यात टाकू नका, शिसं विषारी असतं.

लिथियमबद्दल विचारणारे असतीलच. दादाच्या क्लबात निम्म्या बॅटऱ्या आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आहेत. हलक्या असतात, पण त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहतं, म्हणजे इथे नुसता मीटर लावणं आणखीनच निरुपयोगी. बल्बची परीक्षा तीच, फक्त शेवटी आतलं रक्षण सर्किट स्वतःच बंद करतं. चार्जर मात्र त्यांचाच हवा, आणि शून्याखाली चार्जिंग नाही. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या बॅटऱ्या पेटल्या आणि जगभरची ती विमानं जमिनीवर बसवली, ते वेगळ्या, कोबाल्टवाल्या लिथियमचं प्रकरण. तरी फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर तिची परीक्षा न घेता ती घराबाहेर ठेवा. आणि हे सगळं बॅटरी बाहेर काढून करायचं. विमानातल्या वायरिंगला हात लावायचा अधिकार लायसन्सवाल्या इंजिनिअरचा.

काकांनी नवी बॅटरी घातली. जुनी आमच्या खोलीत आहे, अंगावर '२.३' लिहिलेली, आणि लाइट गेली की तिच्यावर पट्टी चालते. हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये अजून सहा यूपीएस तपासायचे राहिलेत, रेक्टर मॅडमनी सबमिशन झाल्यावर परवानगी दिलीय. कुणाच्या घरच्या पंपाची किंवा यूपीएसची बॅटरी असेल तर मुलींनी दुसऱ्या मजल्यावर आणून द्या, मुलांनी लॅबमध्ये मामांकडे. रात्री पूर्ण चार्ज करून आणा म्हणजे सकाळी लगेच बल्ब लावता येईल.